जेम्स ब्युकॅनन ईड्स

जेम्स ब्युकॅनन ईड्स (२३ मे १८२० – ८ मार्च १८८७) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्थापत्य अभियंते, संशोधक व उद्योजक होते. मिसिसिपी नदीतील बुडालेल्या जहाजांमधील माल वर काढण्याचा व्यवसाय, अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती नौका, सेंट लुइस येथील पोलादी कमानींचा पूल आणि मिसिसिपीच्या मुखावरील जेट्टी ही त्यांची प्रमुख कामे होत. त्यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. नदीच्या पाण्याचा वेग आणि त्या पाण्यात वाहणारा गाळ यांचा परस्परसंबंध त्यांनी अनेक वर्षे नदीच्या तळाशी उतरून अनुभवला होता. प्रवाहाचा वेग वाढवल्यास नदी आपला तळ स्वतःच खोदते, हे त्यांच्या विचारांचे मुख्य सूत्र होते. हे सूत्र सिद्ध करण्यासाठी त्यांनी आपली संपत्ती व प्रतिष्ठा पणाला लावली.

प्रारंभिक जीवन

ईड्स यांचा जन्म इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे झाला. पुढे अमेरिकेचे १५ वे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स ब्युकॅनन हे त्यांच्या आईचे नातेवाईक होते व त्यांच्याच नावावरून मुलाचे नाव ठेवण्यात आले. वडील थॉमस ईड्स यांना व्यवसायात स्थैर्य लाभले नाही. त्यामुळे कुटुंब सिनसिनाटी, लुईव्हिल असे ठिकाण बदलत राहिले. १८३३ मध्ये कुटुंब सेंट लुइस येथे आले. शहराच्या धक्क्याला पोहोचताना त्यांच्या आगबोटीला आग लागली. कुटुंबीयांचे प्राण वाचले, पण सामानसुमान जळून गेले.

त्यावेळी ईड्स १३ वर्षांचे होते. शाळा सोडून त्यांनी रस्त्यावर सफरचंदे विकली आणि नंतर एका कापड दुकानात नोकरी धरली. दुकानाच्या मालकाने आपल्या खासगी ग्रंथसंग्रहाचा वापर करण्याची मुभा त्यांना दिली. गणित, यंत्रशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय ते तेथेच रात्री वाचून शिकले. पुढे त्यांनी मिसिसिपीवरील एका आगबोटीवर कारकुनाची नोकरी केली. नदीतील वाळूचे दांडे आणि तळात रुतलेली झाडे यांमुळे बोटी किती सहज बुडतात, हे त्यांना या नोकरीत दिसून आले.

नदीच्या तळाशी

१८४२ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ईड्स यांनी सेंट लुइसमधील केस व नेल्सन या जहाजबांधणी करणाऱ्या भागीदारांना एक योजना सादर केली. बुडालेल्या बोटींतील माल वर काढण्यासाठी एक विशेष नौका बांधावी आणि नफा वाटून घ्यावा, अशी ती योजना होती. नौका तयार होत असतानाच कीओकुक येथील खळाळांत बुडालेल्या शिशाच्या विटा काढण्याचे काम त्यांना मिळाले. सरोवरांत काम करणारा अनुभवी पाणबुड्या तेथील जोरदार प्रवाहापुढे हतबल ठरला. तेव्हा ईड्स यांनी व्हिस्कीचे एक मोठे पिंप मिळवून त्याचा तळ काढला, त्याला शिशाचे वजन बांधले व हवेचा पंप जोडला. अशा प्रकारे पाण्यात उतरण्याची घंटा तयार करून ते स्वतः तळाशी गेले.

पुढील काही वर्षांत त्यांनी नदीच्या बऱ्याच लांबीच्या पात्रात अशा शेकडो फेऱ्या केल्या. गढूळ पाण्यामुळे तळाशी पूर्ण अंधार असे आणि सर्व काम स्पर्शानेच करावे लागे. केरो गावाजवळ सुमारे ६५ फूट (२० मीटर) खोलीवर एका बुडालेल्या बोटीचा शोध घेताना त्यांना असे आढळले, की नदीचा तळ स्थिर नाही. वाळूचा निदान ३ फूट जाडीचा थर प्रवाहाबरोबर पुढे सरकत होता आणि त्यात पाय टेकवणे कठीण होते. पूर आला म्हणजे केवळ पाण्याची पातळी वर चढते असे नव्हे, तर त्याच वेळी तळही खाली खोदला जातो, हा निष्कर्ष त्यांनी अशा अनुभवांतून काढला. पुढील आयुष्यातील त्यांच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निर्णयाच्या मुळाशी हे निरीक्षण आहे.

१८४५ मध्ये त्यांचा विवाह मार्था डिलन यांच्याशी झाला. संसारासाठी नदीवरील धोक्याचे जीवन सोडून त्यांनी काचेचा कारखाना काढला, परंतु तो दोन वर्षांत बंद पडला आणि त्यांच्यावर सुमारे २५,००० डॉलर कर्ज झाले. ते पुन्हा जुन्या व्यवसायाकडे वळले. मे १८४९ मध्ये सेंट लुइसच्या धक्क्यावर लागलेल्या भीषण आगीत वीसहून अधिक आगबोटी नष्ट झाल्या. त्यांचे अवशेष हटवण्याच्या कामामुळे व्यवसायाला गती आली व कर्ज फिटले. मार्था यांचे १८५२ मध्ये कॉलऱ्याने निधन झाले. १८५४ मध्ये ईड्स यांनी दुसरा विवाह केला. प्रकृती खालावल्यामुळे १८५७ मध्ये ते सधन अवस्थेत व्यवसायातून निवृत्त झाले.

चिलखती नौका

१८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाले. मिसिसिपी व तिच्या उपनद्यांवर ताबा मिळवणे उत्तरेच्या सरकारला आवश्यक होते. वाफेवर चालणाऱ्या सात चिलखती नौका बांधण्याचे कंत्राट ऑगस्ट १८६१ मध्ये ईड्स यांना मिळाले. नौकांचा आराखडा सॅम्युएल पूक यांचा होता. अनेक ठिकाणच्या गिरण्या, भट्ट्या व कारखान्यांमध्ये काम वाटून देऊन आणि शेकडो कामगार रात्रंदिवस कामाला लावून ईड्स यांनी काही महिन्यांतच हा ताफा उभा केला. माल काढण्याच्या त्यांच्या जुन्या नौकांपैकी एकीचे रूपांतरही ‘बेंटन’ या चिलखती नौकेत करण्यात आले. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट हेन्रीच्या लढाईत या ताफ्यातील नौकांनी भाग घेतला, तेव्हा सरकारने त्यांची पूर्ण किंमत अद्याप चुकती केली नव्हती. या ताफ्यातील ‘केरो’ ही नौका १९६४ मध्ये नदीतून वर काढण्यात आली असून तिचे अवशेष व्हिक्सबर्ग येथे जतन केले आहेत.

सेंट लुइसचा पूल

युद्धानंतर शिकागो हे रेल्वेचे केंद्र म्हणून वेगाने पुढे येऊ लागले. मिसिसिपीवर पूल नसल्याने सेंट लुइसचा व्यापार मागे पडत होता. १८६७ मध्ये पुलाचे मुख्य अभियंता म्हणून ईड्स यांची नियुक्ती झाली. तत्पूर्वी त्यांनी एकही पूल बांधलेला नव्हता.

सेंट लुइस शहर मिसूरी व मिसिसिपी यांच्या संगमाच्या थोडे खाली आहे. तेथे किमान व कमाल जलपातळीत सुमारे ४० फुटांचा (१२ मीटर) फरक पडत असे. पुराच्या वेळी वाळूचा थर खोलवर वाहून जातो हे ठाऊक असल्यामुळे पुलाचे खांब वाळूत किंवा लाकडी खुंटांवर उभे करण्यास ईड्स यांनी नकार दिला. खांब तळाच्या खडकापर्यंत नेलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वेकडे हा खडक बराच खोल होता. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी युरोपात पाहिलेल्या दाबयुक्त हवेच्या कॅसनचा (तळ उघडा असलेल्या प्रचंड पेटीचा) मोठ्या प्रमाणावर वापर केला.

या निर्णयाची किंमत कामगारांना मोजावी लागली. जास्त दाबाच्या हवेत काम करून झटपट वर आल्यास रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे तयार होतात, हे त्या काळी ज्ञात नव्हते. सांधेदुखी, अर्धांगवायू व मृत्यू ओढवणाऱ्या या ‘कॅसन रोगा’ने बारापेक्षा अधिक कामगारांचा बळी घेतला. ईड्स यांनी आपले वैद्य अल्फोन्स जामिने यांच्याकडे कामगारांची देखरेख सोपवली. कामाच्या पाळ्या कमी करण्यात आल्या, परंतु रोगाचे खरे कारण तेव्हा उमगले नाही.

पूल ४ जुलै १८७४ रोजी खुला झाला. ५०२, ५२० व ५०२ फुटांच्या (सुमारे १५३, १५८ व १५३ मीटर) तीन कमानी असलेला हा पूल मोठ्या पुलात पोलादाचा व्यापक वापर करणाऱ्या पहिल्या पुलांपैकी एक होता. पूल बांधणारी कंपनी थोड्याच काळात दिवाळखोरीत गेली. पूल मात्र आजही वापरात असून तो ‘ईड्स पूल’ या नावाने ओळखला जातो.

मिसिसिपीचा प्रवाह व गाळ

ईड्स यांच्या पुढील कार्याचे महत्त्व समजण्यासाठी या नदीच्या स्वभावाची ओळख आवश्यक आहे. मिसिसिपीचे खोरे सुमारे ३२ लाख चौरस किलोमीटर असून ते अमेरिकेच्या सलग भूभागाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापते. नदीच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा पूर्वेकडील पावसाळी प्रदेशातून येणाऱ्या ओहायो नदीचा आहे. गाळाचा सर्वांत मोठा वाटा मात्र पश्चिमेकडील कोरड्या, झिजणाऱ्या मैदानांतून येणाऱ्या मिसूरीचा होता. त्यामुळे पाणी व गाळ यांचे प्रमाण वर्षभर सारखे राहत नाही. वसंत ऋतूत बर्फ वितळून व पाऊस पडून नदी फुगते, शरद ऋतूत ती ओसरते. पाणी चढत असताना गाळाचे प्रमाण अनेकदा आधीच कमाल पातळी गाठते आणि प्रवाह शिगेला पोहोचेपर्यंत ते घटू लागलेले असते. त्यामुळे तेवढेच पाणी वाहत असले तरी चढत्या आणि उतरत्या नदीतील गाळ सारखा नसतो.

मोठी धरणे बांधली जाण्यापूर्वी ही नदी दरवर्षी सुमारे ४० कोटी टन गाळ मेक्सिकोच्या आखाताकडे नेत असावी, असा अंदाज आहे. मुखाजवळ नदी अनेक शाखांमध्ये विभागते. प्रत्येक शाखा समुद्राला मिळताना पसरते, तिचा वेग मंदावतो आणि वाहून आणलेला गाळ खाली बसतो. अशा रीतीने प्रत्येक मुखासमोर गाळाचा दांडा तयार झाला होता. आत नदी खोल असूनही या दांड्यावर पाणी उथळ असल्याने मोठी जहाजे अडकून पडत. काही वेळा त्यांना आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. न्यू ऑर्लिन्स बंदराचे, आणि पर्यायाने खोऱ्यातील शेतमालाच्या निर्यातीचे, भवितव्य या दांड्यावर अवलंबून होते.

हम्फ्रीज यांच्याशी वाद

लष्करी अभियंता दलाने दांडा उकरून काढण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे केले. उकरलेली वाट पुढच्या पुरात पुन्हा भरून जाई. दलाचे प्रमुख जनरल अँड्रू हम्फ्रीज यांनी हेन्री ॲबट यांच्यासह १८६१ मध्ये मिसिसिपीच्या जलशास्त्रावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला होता. असंख्य मोजमापांवर आधारलेला हा अहवाल जगभर मान्यता पावला होता. पाण्याचा वेग आणि त्यातील तरंगत्या गाळाचे प्रमाण यांत निश्चित संबंध आढळत नाही, असा त्यातील एक निष्कर्ष होता. मुखाचा प्रश्न सोडवण्यासाठी दलाने नदीपासून समुद्रापर्यंत स्वतंत्र कालवा खोदण्याची योजना पुढे केली.

ईड्स यांचे मत याच्या अगदी उलट होते. पाण्याची गाळ वाहून नेण्याची शक्ती मुख्यतः त्याच्या वेगावर अवलंबून असते, असे ते मानत. शाखेच्या दोन्ही बाजूंना समुद्रापर्यंत समांतर बांध घातल्यास पाणी पसरणार नाही, त्याचा वेग टिकून राहील आणि नदी स्वतःच दांडा कापून गाळ खोल समुद्रात नेईल, असे त्यांनी प्रतिपादन केले. या बांधांना जेट्टी म्हणतात. येथे या शब्दाचा अर्थ जहाजे लावण्याचा धक्का असा नाही. डॅन्यूब नदीच्या सुलिना मुखावर चार्ल्स हार्टली यांनी असा प्रयोग यशस्वी केला होता. टीकाकारांच्या मते मिसिसिपीचा गाळ इतका प्रचंड होता, की जेट्टीच्या टोकाशी लगेच नवा दांडा तयार झाला असता.

दोघांमध्ये आधीच कटुता होती. १८७३ मध्ये लष्करी अभियंत्यांच्या मंडळाने सेंट लुइसचा पूल बोटींना अडथळा ठरेल असा अहवाल दिला होता आणि ईड्स यांनी थेट राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्याकडे धाव घेतली होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये ईड्स यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे एक असाधारण प्रस्ताव ठेवला. जेट्टी ते स्वतःच्या जोखमीवर बांधतील आणि ठरलेली खोली प्रत्यक्ष मिळाल्यावरच सरकारने पैसे द्यावेत, असा तो प्रस्ताव होता. काँग्रेसने नेमलेल्या मंडळाने युरोपातील नदीमुखांची पाहणी करून जेट्टींच्या बाजूने शिफारस केली. मात्र ईड्स यांनी मागितलेल्या मोठ्या नैर्ऋत्य शाखेऐवजी लहान व उथळ दक्षिण शाखा सुचवली. ३ मार्च १८७५ च्या कायद्यानुसार हे काम ईड्स यांच्याकडे सोपवण्यात आले. खोलीच्या टप्प्यांनुसार एकूण ५२ लाख ५० हजार डॉलर द्यायचे ठरले. त्यातील १० लाख डॉलर काम टिकते की नाही हे पाहण्यासाठी रोखून ठेवले जाणार होते.

जेट्टींचे बांधकाम

जून १८७५ मध्ये काम सुरू झाले. दक्षिण शाखेच्या मुखावर दांड्यावरील पाणी ९ फुटांपेक्षाही (सुमारे २.७ मीटर) कमी होते. आजूबाजूला दलदल होती आणि बांधकामासाठी दगड मिळत नव्हता. ईड्स यांनी नदीकाठी विपुल उगवणाऱ्या विलो (वाळुंजाच्या जातीचे झाड) वृक्षाच्या फांद्या वापरल्या. या फांद्यांपासून प्रचंड आकाराच्या चटया बांधून त्या खुंटांच्या ओळींलगत तरंगत नेल्या जात आणि दगडांचे वजन टाकून बुडवल्या जात. चटयांमधील पोकळ्या नदीच्याच गाळाने भरून येत व त्यांचा घट्ट बांध तयार होई. पूर्वेकडील जेट्टी दोन मैलांहून अधिक लांब होती, तर दोन्ही जेट्टींमधील अंतर सुमारे १,००० फूट होते. पुढे समुद्राच्या लाटांना तोंड देण्यासाठी जेट्टींच्या टोकांवर काँक्रीटचे अवजड ठोकळे बसवण्यात आले. शाखेच्या वरच्या टोकालाही उथळ भाग होता. पुरेसे पाणी दक्षिण शाखेत वळावे म्हणून तेथेही बांध घालावे लागले.

कामावर देखरेख करणारे अभियंता एल्मर कॉर्थेल यांनी पुढे या बांधकामाचा इतिहास लिहिला. पहिल्या वर्षातच पाण्याने दांडा कापण्यास सुरुवात केली. परंतु जेट्टींपुढे नवा दांडा तयार होत असल्याचे वृत्त लष्करी अभियंत्यांच्या गोटातून पसरले आणि गुंतवणूकदार बिचकले. सरकारी हप्ता मिळण्यासाठी खोली वाढणे आवश्यक होते आणि खोली वाढवण्यासाठी पैसा आवश्यक होता. अशा पेचात असताना १२ मे १८७६ रोजी ‘हडसन’ ही सुमारे साडेचौदा फूट खोल पाणी लागणारी समुद्रगामी आगबोट ओहोटीच्या वेळी पूर्ण वेगाने जेट्टींमधून आत आली. या घटनेने वादाचे पारडे फिरले व भांडवल उभे राहू लागले.

त्यानंतर खोली टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि जुलै १८७९ मध्ये ३० फुटांचा (सुमारे ९ मीटर) मार्ग तयार झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. सेंट लुइसहून न्यू ऑर्लिन्समार्गे युरोपला जाणारा माल १८७५ मध्ये जेमतेम ७ हजार टन होता, तो १८८० मध्ये साडेचार लाख टनांवर गेला. जेट्टींच्या उगमाशी वसलेली कामगारांची वस्ती ‘पोर्ट ईड्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. हम्फ्रीज त्याच उन्हाळ्यात सेवेतून निवृत्त झाले.

मिसिसिपी नदी आयोग

जून १८७९ मध्ये काँग्रेसने मिसिसिपी नदी आयोग स्थापन केला आणि ईड्स त्याचे सदस्य झाले. नदीची रुंदी ठिकठिकाणी असमान असल्यामुळे वेग व खोलीही असमान राहते, असे त्यांचे मत होते. जेथे पात्र फार रुंद आहे तेथे फांद्यांचे सच्छिद्र बांध घालून गाळ साचू द्यावा, पात्र एकसारखे करावे, काही वळणे कापून नदी सरळ करावी आणि पुराची पातळी खाली आणावी, असे त्यांचे धोरण होते. सदस्यांमधील मतभेदांनंतर १८८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आयोगाने पुढे नदीच्या दोन्ही तीरांवर केवळ उंच पूरबांध घालण्याचे धोरण स्वीकारले. बांधात कोंडलेले पाणी तळ खोदून स्वतःसाठी जागा करील, असे त्याचे समर्थन केले गेले. ईड्स यांच्या सिद्धांताशी या समर्थनाचे वरवर साम्य होते, परंतु वळणे कापणे व पात्राची रुंदी नियंत्रित करणे हे त्यांच्या योजनेतील भाग त्यातून गळले होते. शिवाय मुखावरील एका अरुंद शाखेत जे घडले, ते पूरबांधांमध्ये बरेच अंतर असलेल्या हजारो किलोमीटर लांबीच्या नदीत तसेच घडेल याला आधार नव्हता. १९२७ च्या महापुरात बांध फुटून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर भूभाग पाण्याखाली गेला व सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यानंतर हे धोरण सोडून पुराचे पाणी वळवणारे सांडवे बांधण्यात आले आणि अनेक वळणेही कापण्यात आली.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या शेवटच्या काळात ईड्स यांनी मेक्सिकोतील तेहुआंतेपेक संयोगभूमीवरून जहाजे वाहून नेणाऱ्या रेल्वेची योजना मांडली. पनामा कालव्याला पर्याय म्हणून सुचवलेल्या या योजनेत संपूर्ण जहाज मोठ्या गाड्यावर चढवून एका महासागरातून दुसऱ्या महासागरात नेले जाणार होते. योजना प्रत्यक्षात आली नाही. १८८४ मध्ये त्यांना लंडनच्या कलासंस्थेचे अल्बर्ट पदक मिळाले व हा सन्मान मिळवणारे ते पहिले अमेरिकन ठरले. प्रकृती सुधारण्यासाठी बहामातील नासाऊ येथे गेले असता ८ मार्च १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. सेंट लुइस येथील बेलफाउंटन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

ईड्स व हम्फ्रीज यांच्या वादाकडे आज पाहिल्यास दोघांच्याही मतात तथ्य होते असे दिसते. तळावरील वाळू हलवण्याची शक्ती प्रवाहाच्या जोरावर अवलंबून असते आणि या बाबतीत ईड्स यांचे म्हणणे योग्य होते. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म मातीचे प्रमाण मात्र वेगापेक्षा वरच्या खोऱ्यातून किती माती येते यावर ठरते. त्यामुळे हम्फ्रीज यांच्या मोजमापांत वेग व गाळ यांचा निश्चित संबंध दिसला नाही, यात नवल नाही. चूक मोजमापात नव्हती, तर त्यावरून जेट्टी निरुपयोगी ठरवण्यात होती.

ईड्स यांच्या यशालाही मर्यादा होत्या. नदी गाळ आणत राहिल्यामुळे मुखावरील देखभाल कायम आवश्यक राहिली आणि विसाव्या शतकात मुख्य जलमार्ग नैर्ऋत्य शाखेकडे गेला. त्याहून दूरगामी परिणाम किनाऱ्यावर झाला. जो गाळ पूर्वी पसरून त्रिभुज प्रदेशाची जमीन घडवत असे, तो आता जेट्टींमधून खोल समुद्रात जाऊ लागला. १९५० च्या दशकापासून मिसूरीवरील धरणांनी गाळ अडवल्यामुळे नदीचा गाळ पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाला. पूरबांध, जमिनीचे खचणे, तेल व वायूसाठी खोदलेले कालवे आणि समुद्रपातळीतील वाढ ही कारणेही त्यात मिळाली. परिणामी १९३० च्या दशकापासून लुईझियाना राज्याने किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे. ईड्स यांच्या काळात नदीचा गाळ लवकरात लवकर समुद्रात घालवणे हा प्रश्न होता, तर आज तोच गाळ दलदलीच्या प्रदेशात परत कसा आणावा याचा विचार अभियंते करीत आहेत.